टॅब दाबली की येणारा शब्द

कल्पना करा, तुमच्या हाताला ग्रीस लागलं आहे. समोर काँप्युटर आहे. पडद्यावर ओळी आहेत आणि एक ओळ म्हणजे एक काम. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक शब्द असतो: आले, सुरू, थांबले, झाले. (खरे शब्द इंग्रजीत होते, इथे सोयीसाठी मराठीत लिहितो.) तुम्हाला तो शब्द बदलायचा आहे, पण अख्खा टाइप करायची गरज नाही. डावीकडची टॅबची कळ दाबायची, शब्द आपोआप येतो. खालच्या ओळीवर यायचं, पुन्हा दाबायची, पुन्हा येतो. चार ओळी झाल्या की तुम्ही पडद्याकडे बघणं सोडता आणि फक्त दाबत राहता.

यंत्राने लिहिलेला तो शब्द खोटा असला तर? तुम्ही तो बोलला नव्हता, नुसती कळ दाबली होती. पण ओळीत तो तुमच्या नावाने बसला.

कनकलतेचं सगळं भांडण या एका कळेवरून झालं. तिला एवढंच हवं होतं की यंत्राने मनाने शब्द घालू नये, शंका असेल तिथे विचारावं. इतक्या साध्या गोष्टीसाठी तंजावरात एका मुलीला नोकरी गमवावी लागली, याचा राग मला अजून येतो. तिला तर येतोच.

राग तिला लहानपणापासून होता. तंजावरच्या करंदै वस्तीतल्या त्यांच्या घरी मराठी, शाळेत तमिळ, पॉलिटेक्निकात इंग्रजी, आणि भांडायची वेळ आली की तिन्ही. वडील सीतारामराव वीज ऑफिसात कारकून होते. माणूस इतका मऊ, की चुकीचं बिल आलेल्या लोकांची समजूत घालता घालता स्वतःच रडवेला व्हायचा. मुलगी कुणावर गेली हे कुणाला कळत नसे. वेंकूबाई म्हणून तिची आत्या घरात होती. ती म्हणायची, "हिच्या नाकावर मोहरी ठेवा, तडतडेल." पॉलिटेक्निकात एकदा प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मास्तरांनी तिचा प्रोग्राम चालतो म्हणून पूर्ण गुण दिले. ती परत गेली आणि म्हणाली, वजा आकडा घातला की तो चुकतो, तुम्ही घालून पाहिला नाहीत. मास्तरांनी हात जोडले.

ती डिप्लोमा घेऊन बाहेर पडली तेव्हा देशात बाजार खुला होऊन काही वर्षं झाली होती. तंजावरच्या प्रत्येक गल्लीत काँप्युटर क्लासची पाटी लागली होती, जिथे तिथे एसटीडी बूथ होते, आणि भांड्यांच्या दुकानांवरच्या माळ्यांवर सॉफ्टवेअर कंपन्या उघडत होत्या. सतीशकुमारांची कंपनी अशीच दक्षिण वीथीत होती, खाली पितळी भांडी आणि वर आम्ही. मी कनकलतेच्या शेजारच्या टेबलावर बसायचो. कंपनीचा माल एकच होता: साधा मजकूर लिहायचा एडिटर, आणि त्याच्या पोटात कामांची यादी सांभाळणारा प्लॅनर. छापखाने, लॉरीवाले, डॉक्टर आमच्याकडून तो घ्यायचे. सतीशकुमार आमच्यातलेच, तंजावरचे मराठी, पण आम्ही त्यांना तमिळ पद्धतीने सार म्हणायचो. त्यांनाही तेच आवडायचं.

सुरुवातीला टॅब दाबली की सगळ्या धंद्यांतले सगळे शब्द वर्णानुक्रमाने पडद्यावर यायचे. लॉरीवाल्याला डॉक्टरचे शब्द दिसायचे. लोक कंटाळले. सुधारणा करायचं काम कनकलतेकडे आलं. तिने यंत्राला मोजायला शिकवलं: या माणसाने कोणता शब्द सगळ्यांत जास्त वेळा वापरलाय? तोच आधी घालायचा. नको असेल तर पुन्हा टॅब, पुढचा शब्द येईल. सतीशकुमार खूश झाले. त्यांनी पत्रक छापलं, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: टाइप करू नका, दाबा.

तो प्लॅनर ओरत्तनाडुच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपने घेतला. मालकाचं नाव सूर्यनारायण. विहिरींवरच्या मोटरी जळल्या की तिथे यायच्या. आमच्या या नदीच्या त्रिभुज प्रदेशात उन्हाळ्यात कालव्याला पाणी नसतं, विजेचा दाब पडतो आणि मोटरी जळतात. मोटरी उघडायचे ते रघोजी. साठीच्या आसपासचे, मिशा पांढऱ्या, हात काळे, कनकलतेच्या वडिलांच्या ओळखीचे. ती त्यांना मामा म्हणायची. काँप्युटर आला तेव्हा ते एका बोटाने शिकले आणि त्या बोटाचा त्यांना अभिमान होता.

बसवून दिलेला प्लॅनर कसा चालतो ते पाहायला कनकलता एका शुक्रवारी तिकडे गेली. रघोजींची सकाळ तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो, नवं काम टाळायचा दीड तास. तो लागायच्या आत त्यांनी हातात पाना घेतला आणि रांगेतल्या प्रत्येक मोटरीचा एकेक नट अर्धा फेरा सैल केला. फक्त एक नट, जास्त काही नाही. मग हात पुसून काँप्युटरवर बसले आणि ओळीमागून ओळ टॅब दाबत गेले. सुरू, सुरू, सुरू.

तिने विचारलं, हे काय? ते म्हणाले, प्रस्थान.

आमच्या घरांतून हे सगळ्यांना ठाऊक असतं. गावाला जायचं उद्या, पण चांगली वेळ आज. मग आज त्या वेळेला नारळ आणि धोतर एका फडक्यात बांधून शेजारच्या घरी ठेवून यायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं मानायचं आणि उद्या हव्या त्या वेळी निघायचं. रघोजी मोटरींचं प्रस्थान ठेवत. नट सैल केला म्हणजे काम चांगल्या वेळी सुरू झालं, मग खरं उघडणं राहुकाळात आलं तरी चिंता नाही. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. काँप्युटर येण्याआधी ते मोटरीला हळदीचं बोट लावायचे आणि कोणती मोटर कशासाठी अडलीय ते भिंतीवरच्या फळ्यावर खडूने वेगळं लिहिलेलं असायचं. हळद हळदीच्या जागी, खडू खडूच्या जागी.

प्लॅनरच्या ओळीत मात्र जागा एकाच शब्दाची होती.

कनकलतेने पाहिलं की रांगेत एक मोटर तांब्याच्या तारेसाठी अडलेली होती. तिच्या ओळीवर 'थांबले' होतं. अशा ओळी प्लॅनर रोज वर काढून लाल रंगात दाखवायचा, म्हणजे वर्कशॉपात फोनवर बसणारा माणूस तिरुच्चीच्या व्यापाऱ्याकडे तारेचा तगादा लावी. रघोजींनी त्या ओळीवरही टॅब दाबली. त्यांचा सगळ्यांत जास्त वापरलेला शब्द कोणता? सुरू. यंत्राने तो घातला, 'थांबले' पुसलं गेलं आणि ओळ लाल यादीतून खाली गेली.

तिने ती ओळ हाताने परत लाल केली. मग रघोजींना म्हणाली, मामा, अडलेल्या मोटरीला कशाला?

"अडलेल्या मोटरीलाच तर प्रस्थान जास्ती पाहिजे, कनका," रघोजी म्हणाले. "तार नेमकी राहुकाळात आली तर मी काय करूं?"

त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. रोज सकाळी सगळ्या मोटरींना एकच शब्द मिळणार, म्हणून तोच शब्द यंत्राला आवडता होणार, आणि यंत्र तो जिथे नको तिथेही घालणार. लोक दाबतील ते मोजून पुढे करणारं यंत्र तिने केलं होतं. ते काय दाबतात आणि का, हे तिने विचारलं नव्हतं. बसमधून येताना ती खिडकीवर हाताची मूठ आपटत होती, असं तिनेच नंतर सांगितलं. शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

ऑफिसात आल्या आल्या ती कामाला लागली. तिचा बदल साधा होता. ओळ ज्या अवस्थेत असेल तिच्यानंतर जे शब्द येऊ शकतात तेवढेच दाखवायचे. एकच शक्य असेल तर घालायचा. दोन शक्य असतील तर गप्प घालायचा नाही, दोन्ही दाखवायचे आणि माणसाला निवडू द्यायचं. 'थांबले'वरून बाहेर पडताना तर विचारायचंच: अडलेली वस्तू आली का? आणि रघोजींसाठी एक नवा शब्द, 'प्रस्थान', जो 'थांबले'च्या शेजारी बसेल, त्याला पुसणार नाही. तिने चालवून दाखवलं. मी पाहिलं, नीट चालत होतं.

सतीशकुमारांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. महिन्याभरात चेन्नईत प्रदर्शन होतं, आणि तिथे ते घड्याळ लावून दाखवणार होते की आमच्या प्लॅनरमध्ये यादी किती पटकन भरते. आता मध्येच यंत्र थांबून प्रश्न विचारणार? शिवाय तो नवा शब्द. ते म्हणाले, बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक आलं तर त्याला मी काय सांगू, की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये राहुकाळासाठी शब्द आहे? लोक हसतील. आपण एकविसाव्या शतकात चाललोय.

हे ऐकताना कनकलतेची नजर जिन्याकडे गेली. सतीशकुमार दोन दिवसांनी सिंगापूरला निघणार होते. विमानाची वेळ वाईट होती, म्हणून त्यांची पेटी कालच सकाळी चांगल्या वेळी खाली भांड्यांच्या दुकानात ठेवली होती. ती तिथे पितळी घंगाळांमध्ये बसली होती, हँडलला हळद-कुंकू लावून. आम्ही सगळे येता-जाता पाहत होतो.

"सार, तुमची पेटी कालपासून खाली दुकानात आहे," कनकलता म्हणाली. "तिच्याकडे बघून कुणी तुमच्या घरी फोन केला का, की सार सिंगापूरला पोचले?"

ऑफिसात कुणी हसलं नाही. आम्हाला हसायचं होतं. सतीशकुमार म्हणाले, बदल प्रदर्शनानंतर पाहू. आणि तिच्या मशीनवरचा तो बदल त्यांनी आमच्या देखत बाजूला काढून ठेवायला लावला.

ती त्या दिवशी रघोजींना फोन करून म्हणाली, मामा, लाल ओळींवर टॅब दाबू नका. ते बरं म्हणाले. पण रोज सकाळी राहुकाळ लागायच्या आत रांगभर मोटरी आणि एकाच बोटाने दाबत जाणारा माणूस. किती दिवस बघून दाबेल? बघावं लागू नये म्हणूनच तर ती कळ केली होती.

चैत्र संपता संपता धनलक्ष्मी आली.

धनलक्ष्मीचा पानमळा तिरुवैयारुच्या पलीकडे होता. विड्याच्या पानांच्या वेली हादग्याच्या झाडांवर चढवलेल्या असतात आणि त्यांना उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. एक दिवस चुकला तर पानं मलूल होतात, आठवडा चुकला की वेल जाते. तिची मोटर जळली म्हणून तिने ती सूर्यनारायणांच्या वर्कशॉपमध्ये टाकली. तार नव्हती, ओळ लाल झाली. मग एका सकाळी प्रस्थान झालं, यंत्राने 'सुरू' लिहिलं आणि लाल यादीतून ती गेली. तिरुच्चीला फोन करायचं कुणाच्या डोळ्यांसमोर राहिलं नाही. रघोजींना वाटत होतं, फोनवाला तगादा लावतोय. फोनवाल्याला वाटत होतं, काम चाललंय.

धनलक्ष्मी एसटीडी बूथवरून रोज विचारायची, आणि फोनवाला पडद्याकडे बघून रोज सांगायचा, काम सुरू आहे अम्मा. म्हणून ती थांबली. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी मागून घेतलं, मग शेजाऱ्यालाच कमी पडायला लागलं. शेवटी ती स्वतः वर्कशॉपात आली तेव्हा मोटर भिंतीशी होती, एक नट सैल आणि बाकी जशीच्या तशी.

सूर्यनारायण तिला घेऊन आमच्या माळ्यावर आले. धनलक्ष्मी उंच बाई, बोलणं सावकाश. आल्यावर तिने पदरातून वाळलेली वेल काढली आणि सतीशकुमारांच्या टेबलावर ठेवली. पानं कागदासारखी झाली होती.

"अडलंय असं सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी ऑइल इंजिन भाड्याने आणलं असतं," ती म्हणाली. "मला कुणी खोटं सांगितलं ते सांगा. वर्कशॉपवाले म्हणतात, ह्या काँप्युटरच्या पेटीने."

त्यांच्याबरोबर आलेले रघोजी मागे जिन्याच्या दाराशी उभे होते. त्यांना बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. ते आपलं उजवं बोट डाव्या मुठीत धरून उभे होते.

सतीशकुमारांनी सगळ्यांसाठी कॉफी मागवली आणि कनकलतेला आतल्या खोलीत बोलावलं. दार लाकडी फळीचं होतं, आम्हाला ऐकू येत होतं. ते रागावले नाहीत, आणि मला वाटतं तेच वाईट होतं. त्यांनी सौदा मांडला. तू बाहेर जाऊन सांग की टाइप करणाऱ्याचं बोट चुकलं. तू प्रोग्राम केलास, तुझं म्हणणं ते मानतील. रघोजी म्हातारे आहेत, त्यांना काय, दोन शब्द ऐकून घेतील. आणि तुझा तो बदल, विचारण्याचा, नवा शब्दही, मी पुढच्या आवृत्तीत घालतो. आजच घालतो. तुला तेच हवंय ना?

तिला तेच हवं होतं. तिने हो म्हटलं असतं तर पुढच्या कुणा धनलक्ष्मीचा मळा वाचला असता. हे तिला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच तिला इतका राग आला: तिला हवं ते समोर धरलं होतं आणि किंमत म्हणून एक म्हातारं बोट मागितलं होतं.

ती बाहेर आली आणि सरळ सूर्यनारायणांपुढे उभी राहिली.

"रघोजीमामांचं बोट चुकलं नाही," ती म्हणाली. "शब्द यंत्राने घातला. यंत्र तसं मी केलं होतं. ते चुकीचं आहे हे कळल्यावर मी बदललं, आणि तो बदल तुमच्यापर्यंत येऊ दिला गेला नाही."

कुणी येऊ दिला नाही, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, सगळे सतीशकुमारांकडेच बघत होते. सतीशकुमार हसून म्हणाले, पोरगी भावनेच्या भरात बोलतेय. धनलक्ष्मीने कॉफीचा टंबलर न पिताच खाली ठेवला आणि वेल उचलली. तेवढी वेल टेबलावर राहायला नको, असं काहीतरी ती तमिळमध्ये पुटपुटली.

सूर्यनारायणांनी त्याच दिवशी प्लॅनर बंद केला आणि धनलक्ष्मीची मोटर उसनी तार आणून बांधून दिली. पण मळ्याचा निम्मा भाग गेला होता. रघोजी वर्कशॉपात राहिले. भिंतीवरचा फळा पुन्हा धुऊन पुसून निघाला. कनकलतेला महिन्याच्या शेवटी येऊ नकोस म्हणून सांगितलं. कारण दिलं, गिऱ्हाइकासमोर कंपनीची बदनामी.

चेन्नईच्या प्रदर्शनात घड्याळ लावलं गेलं. यादी खरोखरच फार पटकन भरली. बरीच गिऱ्हाइकं मिळाली. तो बदल अजून बाजूला काढलेलाच आहे.

कनकलता आता जुन्या बसस्टँडजवळच्या एका क्लासात शिकवते. मुलांना ती पहिल्याच दिवशी सांगते की जो प्रोग्राम तुमच्याऐवजी बोलतो, त्याला आधी थांबायला शिकवा. मुलं लिहून घेतात आणि विसरतात. घरी वेंकूबाई अजून म्हणते, तडजोड केली असतीस तर ऑफिसातली खुर्ची राहिली असती गे. सीतारामराव तिला सोडायला क्लासच्या दारापर्यंत चालत येतात.

मागच्या शनिवारी मी तिला भेटायला गेलो तेव्हा रघोजी तिथेच होते. नऊच्या आत येऊन बसले होते, शनिवारचा राहुकाळ टाळून. त्यांना कसलंच काम नव्हतं. विषय निघालाच. मी म्हणालो, विचारायला यंत्राला एक क्षण जास्त लागला असता, एवढंच. कनकलता खडू हातात घेऊन माझ्याकडे वळली. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"मामा आजही राहुकाळ संपेपर्यंत, साडेदहापर्यंत, बसायला तयार आहेत," ती म्हणाली. "धनलक्ष्मी खरं कळलं असतं तर थांबली नसती, पण खोट्यावर रोज थांबत होती. मला घाई नव्हती. यंत्राला तर कसलीच नसते. मग मला कुणीतरी एकदा सांगा, तो एक क्षण वाचवायची घाई नेमकी होती कुणाला?"